सरवा वेचणारी म्हातारी आणि माझे मामा

मामांनी घड तोडला तेव्हा मी गाडीत बसून गुगल मॅप्सशी भांडत होतो. पोमारच्या बाहेर, दोन्ही बाजूंनी कंबरेएवढ्या दगडी भिंती असलेल्या एका रस्त्यावर आम्ही थांबलो होतो. आईला फोटो हवा होता, बाबांना पाय मोकळे करायचे होते, मामी गाडीतच बसून होत्या. मी मान वर केली तर मामा भिंतीच्या एका खिंडारातून आत गेलेले, वेलीसमोर उकिडवे बसलेले. पानांच्या आड राहिलेला मुठीएवढा काळा घड त्यांनी नखाने खुडला, दोन मणी तोंडात टाकले आणि बी दातांनी फोडून तळहातावर घेऊन पाहू लागले.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. बर्गंडीतला द्राक्षाचा हंगाम सप्टेंबरातच उरकला होता. तोडणीनंतर राहिलेले, उशिरा धरलेले असे बारके घड वेलींवर इकडेतिकडे दिसत होते. कोणालाच नको असलेला माल.

कुत्रा फिरवायला निघालेला एक म्हातारा थांबला. त्याने बोट हलवत ‘नों, नों’ केलं. मी गाडीतून उडी मारून तीनदा ‘पार्दों’ म्हणालो आणि मामांवर ओरडलो, ‘‘मामा, इथे असं चालत नाही! चोरी समजतात!’’ मामा उठले. घड मात्र त्यांनी टाकला नाही. रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

त्या रात्री भाड्याच्या घरात जेवताना कोणी फारसं बोललं नाही. मला झोप लागेना. आणि मग आठवलं, की मी पाहिलेल्या आणि आयुष्यातल्या दहा आवडत्या सिनेमांत ज्याचं नाव घेतो त्या सिनेमात नेमका हाच प्रसंग आहे. हाच प्रदेश, हेच उरलेले घड, हीच मनाई. लेटरबॉक्सडवर मी त्याला साडेचार तारे दिलेत.

सिनेमा आन्येस वार्दाचा, 2000 सालचा. इंग्रजीत ‘द ग्लीनर्स अँड आय’. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना पुण्यात एका मित्राच्या लॅपटॉपवर पाहिला होता. तेव्हा वार्दा मला एक गोड, बुटकी, दोन रंगांच्या केसांची आजी वाटली होती, आणि सिनेमा म्हणजे ‘वेस्ट’वर केलेली एक छान डॉक्युमेंटरी. परतल्यावर आइंडहोवनच्या माझ्या घरात, बाहेर पाऊस लागलेला असताना, आम्ही पाचही जणांनी तो टीव्हीवर पाहिला. मी सबटायटल्स वाचून मराठीत सांगत होतो. हा लेख त्या दुसऱ्या पाहण्याबद्दल आहे.

आधी नावाचं सांगतो, कारण आमची सुरुवातच तिथे अडखळली. ‘ग्लीनर म्हणजे काय?’ आईने विचारलं. मी म्हणालो, पीक काढल्यावर शेतात जे पडून राहतं ते गोळा करणारे लोक. आई म्हणाली, ‘‘मग सरवा वेचणारे म्हण की.’’

सरवा. हा शब्द मी आजीकडून ऐकला असणार, पण माझ्या तोंडी तो कधीच नव्हता. कापणीनंतर रानात गळून राहिलेली कणसं, ओंब्या, शेंगा. आणि गंमत बघा, फ्रेंच नावात ‘ले ग्लानर’ हे अनेकवचन आहे आणि पाठोपाठ ‘ला ग्लानझ’ हे स्त्रीलिंगी एकवचन. इंग्रजीला क्रियेतलं लिंग दाखवता येत नाही, म्हणून त्यांनी तिथे ‘आय’ आणून बसवला आणि सगळा तोल बदलला. ‘मी’ म्हटलं की दिग्दर्शिका बाजूला उभी राहून बोलते असं वाटतं. मूळ नावात ती बाजूला नाही, त्याच रानात वाकलेली आहे. मराठीत हे सहज होतं: सरवा वेचणारे आणि सरवा वेचणारी. आईने न कळत इंग्रजी वितरकांपेक्षा बरं भाषांतर केलं.

सिनेमाची सुरुवात शब्दकोशापासून होते. लारूसमधला ‘ग्लाने’ या क्रियापदाचा अर्थ, शेजारी मांजर. मग ओर्से संग्रहालयातलं मिलेचं 1857 सालचं चित्र, तीन बायका वाकून ओंब्या वेचतायत, आणि चित्रासमोरून पर्यटक भराभर सरकतायत. मग वार्दा गाडी काढते आणि फ्रान्सभर फिरू लागते. बटाट्याची शेतं, अंजिराच्या बागा, सफरचंदं, वादळानंतर समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेले कालवं, पॅरिसमधले बाजार उठल्यानंतरचे रस्ते. म्हणजे हा एक रोड ट्रिपचा सिनेमा आहे, हे मला पहिल्यांदा पाहताना लक्षातच आलं नव्हतं. हातात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा, सत्तरी ओलांडलेली बाई, आणि गावं. बर्गंडीच्या रस्त्यांवरून आम्ही आखली होती तशीच सहल, फक्त ती वेगळ्या ठिकाणी थांबते.

आमची सहल कशी होती? मी एक स्प्रेडशीट केली होती. पहाटे आइंडहोवन सोडायचं, लक्झेम्बर्ग, नॅन्सी करत दिजोंला पोचायचं, सहाशेच्या वर किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ‘रूत दे ग्राँ क्रू’: दिजोंपासून दक्षिणेला सांतनेपर्यंत द्राक्षमळ्यांमधून जाणारा जवळपास 60 किलोमीटरचा रस्ता. ठिकाणांपुढे वेळ, पार्किंग, ‘फोटो पॉइंट’ असा रकाना. होय, खरंच असा रकाना होता. व्होन-रोमानेत रोमाने-कोंतीच्या त्या प्रसिद्ध दगडी क्रॉसपाशी आम्ही बारा मिनिटं थांबलो. तिथे भिंतीवर पाटी आहे, रस्त्यावरच राहा, मळ्यात शिरू नका अशी विनंती करणारी. आम्ही शिरलो नाही. मी मामांना सांगितलं, ही जगातली सर्वांत महागड्या वाइनपैकी एक, मळा दोन हेक्टरही भरत नाही. मामा म्हणाले, ‘‘म्हणजे साडेचार एकर. आपल्याएवढाच की.’’

इथे मामांबद्दल सांगायला हवं. ते निफाड तालुक्यातले, द्राक्षबागायतदार. आईचे मोठे भाऊ. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे गोडी छाटणीचे दिवस, आणि गेल्या पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ते छाटणीला बागेत नव्हते. या वेळी ती मुलाने केली. रोज दुपारी (निफाडात तेव्हा संध्याकाळ) मामा व्हिडिओ कॉल लावून ‘काडी दाखव, जवळ घे, डोळा दाखव’ म्हणायचे आणि मागे फ्रान्सची डोंगरउतरण उन्हात चकाकत असायची.

युरोपच्या सहलीवर मराठीत जे लिहिलं जातं त्यात हे बसत नाही. मी ‘अपूर्वाई’ वाचत मोठा झालो. 1960 साली आलेलं ते पुस्तक घरात तिघांनी तीन वेळा विकत घेतलेलं आहे, आणि त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पु.लं.ना स्वतःवर हसता येत होतं, आणि त्या काळी तिकडे जाऊन येणं हीच मुळात बातमी होती. तक्रार आहे ती त्यानंतर आलेल्या आपल्या सगळ्यांबद्दल: फेसबुकवरची दहा भागांची प्रवासमालिका, यूट्यूबवरचा ‘परीकथेतलं गाव’, आणि माझी स्वतःची, आईच्या फोटोंखाली लिहिलेली इन्स्टाग्राम कॅप्शनं. त्यात रस्ते गुळगुळीत असतात, खिडक्यांत जिरेनियम असतं, लोक शिस्तीचे असतात, आणि ‘नजर जाईल तिथवर द्राक्षमळे’ असतात. नजर जाते. पुढे काय? तिथे कोण राबतं, उरलेल्याचं काय होतं, वेल इतकी बुटकी का, हे प्रश्न आपल्याला पडत नाहीत. आपण शेतकऱ्यांच्या घरातून दोन पिढ्यांपूर्वी बाहेर पडलो आणि शेताकडे ‘व्ह्यू’ म्हणून पाहायला शिकलो. युरोपात गेल्यावर तर ते फारच सोपं होतं, कारण तिथलं शेत मुळातच कॅलेंडरसारखं दिसतं.

मामा मात्र वाचत होते. पावलांनी अंतर मोजून ते म्हणाले, ‘‘तीन-सव्वातीन फुटांवर झाड? आणि दोन ओळींतही तेवढंच?’’ खरं आहे, बर्गंडीत हेक्टरी सुमारे 10,000 वेली असतात, म्हणजे एकरी चार हजार. मामांकडे नऊ बाय पाचवर एकरी हजाराच्या आत. त्यांना आधी हा वेडेपणा वाटला. मग मी वाचून सांगितलं की इथे किती पीक घ्यायचं यावर कायद्याने मर्यादा आहे, ग्राँ क्रू लाल वाइनला हेक्टरी 35 हेक्टोलिटरच्या आसपास. मामा बराच वेळ गप्प होते. ‘‘कमी पिकवायला कायदा,’’ ते म्हणाले. क्लो द व्हूजोला एकाच भिंतीच्या आत सुमारे 50 हेक्टर मळा आहे आणि मालक ऐंशीच्या आसपास, हे ऐकून मात्र ते मोठ्याने हसले. ‘‘भिंत एक आणि बांध ऐंशी. मग इथेही तसंच आहे म्हण.’’ बर्गंडीतल्या या छोट्या छोट्या नावाच्या तुकड्यांना ‘क्लिमा’ म्हणतात, त्यांची संख्या 1,247 आहे आणि 2015 साली ते जागतिक वारसा झाले. मी हे सगळं कौतुकाने सांगत होतो. निफाडातल्या वाटण्यांना कोणी वारसा म्हणत नाही, हे मामांनी सांगायची गरज नव्हती.

आता सिनेमाकडे परत येतो.

बटाट्याच्या प्रसंगात ट्रकमधून बटाट्यांचा ढीग शेतात ओततात. फार मोठे, फार छोटे, हिरवे पडलेले, वेडेवाकडे. दुकानांना ठरावीक मापाचेच हवेत. त्यात वार्दाला हृदयाच्या आकाराचे बटाटे सापडतात आणि ती ते घरी नेते. पहिल्यांदा पाहताना मला हा प्रसंग ‘क्यूट’ वाटला होता. मामा उठून बसले. ‘‘गोल्टी काढली,’’ ते म्हणाले. लासलगावच्या बाजारात बारीक कांद्याला गोल्टी म्हणतात. निवडताना ती बाजूला पडते, भाव वेगळा. ‘‘पण गोल्टी विकली तरी जाते. हे तर फेकूनच देतात.’’ मग काही वेळाने, पडद्यावर एक माणूस पोती भरत असताना, म्हणाले, ‘‘आमचे 2010 ला असेच गेले.’’

ती गोष्ट मला तुकड्यांत माहीत होती. 2010 साली महाराष्ट्रातून युरोपला गेलेली द्राक्षं मोठ्या प्रमाणावर नाकारली गेली. क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाच्या वाढनियंत्रकाचा अंश सापडला. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात आणि वेलीची वाढ रोखून डोळ्यात घड धरावेत म्हणून ते वापरायचे. आपल्याकडच्या निर्यातपूर्व तपासणीत ते धरलं जात नव्हतं, तिकडे धरलं गेलं. द्राक्षं सडलेली नव्हती, दिसायला एक नंबर होती. मणी मापात, रंग बरोबर, साखर बरोबर. मामांचा माल एका निर्यातदारामार्फत गेला होता, रॉटरडॅमला अडकला, आणि पैसे कधीच आले नाहीत. त्यानंतर त्यांनी एक एकर विकला. मी तेव्हा शाळेत होतो. दिवाळीला मामांकडे जायचं नाही, एवढंच मला समजलं होतं.

आइंडहोवनपासून रॉटरडॅम गाडीने दीड तास. तीन वर्षं मी इथे राहतो, बंदर बघायला दोनदा गेलोय, आणि मला एकदाही ते आठवलं नाही.

वार्दाच्या सिनेमाची ताकद नेमकी इथे आहे असं मला आता वाटतं. ती कचऱ्याबद्दल कळकळीने बोलत नाही. आकडे फेकत नाही. ती विचारते: हे उरलेलं कोणाचं? तिने यासाठी एक वकील उभा केलाय, काळा झगा घालून, हातात लाल दंडसंहिता घेऊन, चक्क भाजीच्या शेतात. तो सांगतो की पीक काढून झाल्यावर, सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताआधी, सरवा वेचण्याचा हक्क कायद्यात आहे, आणि त्याचं मूळ 1554 च्या राजाज्ञेपर्यंत जातं. प्रसंग हास्यास्पद दिसतो, पण म्हटलेलं गंभीर आहे. उरलेलं हे दान म्हणून मिळत नाही, हक्क म्हणून मिळतं. शेतमालकाची मालकी कापणीपुरती. त्यानंतर जमिनीवर पडलेलं सगळ्यांचं.

आणि मग ती बर्गंडीत येते आणि तो हक्क थांबतो. इथे द्राक्षांचा सरवा वेचायला मनाई आहे. उशिरा धरलेले घड वेलीवर किंवा जमिनीवर सडले तरी चालतील, पण कोणी नेता कामा नये, कारण त्यांचीही वाइन होऊ शकते आणि नावाची किंमत कमी होऊ शकते. वार्दा हे रागाने सांगत नाही. ती द्राक्षमळ्याच्या मालकांना भेटते. त्यातला एक, जाँ लाप्लांश, मोठा मनोविश्लेषकही निघतो. बोन गावात जन्मलेल्या एत्येन-ज्यूल मारेची तिला आठवण येते, हालचालींची छायाचित्रं घेऊन सिनेमाची वाट करून देणारा तो संशोधक. रागाच्या जागी ती उत्सुकता ठेवते. मालक वाईट माणसं नाहीत. नियम मात्र तसाच राहतो.

‘‘म्हणजे तो म्हातारा बरोबर होता,’’ मामा म्हणाले.

मी म्हणालो, ‘‘कायद्याने.’’

‘‘मी खाल्लं नसतं तर कावळ्याने खाल्लं असतं.’’

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. मामा ज्याला नुसतं ‘बोर्डो’ म्हणतात ते मोरचूद आणि चुन्याचं निळं मिश्रण आमच्याकडच्या प्रत्येक बागायतदाराला पाठ आहे. नाशिक जिल्ह्यात हा शब्द वाइनच्या नावाआधी फवारणीच्या टाकीतून आला. त्याचा शोध कसा लागला? बोर्डो भागात रस्त्यालगतच्या वेलींवरची द्राक्षं वाटसरू तोडून खायचे. त्यांना भीती वाटावी म्हणून मळेवाले कडेच्या ओळींवर मोरचूद-चुन्याचा निळा थर द्यायचे. 1882 मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की बाकी मळा डाऊनीने झडलाय आणि रस्त्याकडच्या या निळ्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. 1885 मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. म्हणजे मामांची बाग तीस-पस्तीस वर्षं ज्याने वाचवली ते औषध मुळात मामांसारख्या माणसाला हाकलण्यासाठी होतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘बरं झालं, चोर होते म्हणून औषध सापडलं.’’

सिनेमा अर्ध्यावर आला आणि आईने मध्येच ‘थांबव’ म्हटलं. चहा करायला म्हणून उठली, पण ओट्याशी उभी राहून बोलत राहिली. तिच्या लहानपणी गव्हाच्या कापणीनंतर गावातल्या बायका ओंब्या वेचायला यायच्या. भुईमूग काढल्यावर मुलं शेंगा उकरायची, ती स्वतःही त्यांच्यात असायची. ‘‘पण सगळ्यांना येऊ द्यायचे नाहीत,’’ ती म्हणाली. ‘‘आबा बघायचे कोण आहे ते. काहींना बांधावरूनच हुसकायचे. आम्ही शेंगा वेचल्या तर पोरांचा खेळ, त्यांच्या पोरींनी वेचल्या तर चोरी.’’ कोण त्या, हे तिने सांगितलं नाही, आणि खोलीतल्या कोणाला विचारावं लागलं नाही. मामांनी टीव्हीकडे पाहत म्हटलं, ‘‘तेव्हा तसंच होतं.’’ आई म्हणाली, ‘‘तेव्हा का? तोडणीला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोकळ्या करून बघतात ना अजून?’’

मामांनी उत्तर दिलं नाही. मी सिनेमा पुढे चालू केला.

मला वाटतं वार्दाच्या सिनेमाची उणीवही इथेच दिसते. तिच्याकडे हक्क कागदावर आहे, म्हणून तिला तो सुंदर पद्धतीने शोधता येतो. वेचणारे तिला कॅमेऱ्यासमोर नाव सांगतात, हसतात, पाककृती सांगतात. नोकरी आणि घर दोन्ही गमावून कॅरव्हॅनमध्ये राहणारा माणूस तिच्या सिनेमात आहे, पण त्याच्यापाशी ती जेवढं थांबते त्याहून जास्त वेळ ती हृदयाच्या बटाट्यापाशी थांबते. आणि मळ्यात तोडणी करणारे, ज्यांनी घड मागे ठेवले ते मजूर? त्यांच्यापाशी ती थांबत नाही. तिला उरलेल्यात रस आहे, उरवणाऱ्या हातांत कमी. कदाचित त्या सिनेमाला तेवढंच पेलणार होतं. पण निफाडच्या घरात तो पाहिला की ही जागा रिकामी दिसते.

दुसरी उणीव काळाची म्हणावी लागेल. सरवा वेचायला रानात हजर असावं लागतं. पीक जिथे काढलं तिथेच उरलेलं पडतं आणि तिथलीच माणसं वाकतात. मामांचा माल सात हजार किलोमीटरवरच्या गोदामात ‘उरलेला’ ठरला. तिथे कोणी सरवा वेचणार नव्हतं. मामांना तो परत आणता येत नव्हता, रॉटरडॅमच्या कोणा भुकेल्याला तो उचलता येत नव्हता, आणि 1554 ची कोणती राजाज्ञा कंटेनरला लागू होणार? 2000 साली वार्दाला फ्रान्सच्या सीमेच्या आत हा प्रश्न पुरा दिसत होता. आज तो दिसणार नाही. हे तिच्यावर आरोप म्हणून म्हणत नाही. तिने 2002 मध्ये याच लोकांना पुन्हा भेटून ‘दोन वर्षांनंतर’ नावाचा छोटा पाठचा सिनेमा केला, म्हणजे विषय संपला नाही हे तिलाही माहीत होतं. 2019 मध्ये नव्वदाव्या वर्षी ती गेली.

पण तिने एक गोष्ट केली जी मला आमच्या सहलीत जमली नाही. ती स्वतःकडे कॅमेरा वळवते. एका हाताने दुसऱ्या हाताचं चित्रण करते, सुरकुतलेला, डाग पडलेला, आणि म्हणते की हा हात मला ओळखीचा वाटत नाही, भयंकर आहे. हायवेवरून जाताना ती बोटांच्या वर्तुळात समोरचे ट्रक पकडते, लहान मूल पकडतं तसे. एकदा कॅमेरा बंद करायला विसरते आणि लेन्सचं झाकण दोरीवर लोंबकळत नाचताना रेकॉर्ड होतं. तिने ते संगीत लावून सिनेमात तसंच ठेवलंय. चुकून उरलेलं, म्हणून वेचलेलं. मामी तोवर माळ ओढत बसल्या होत्या (त्या माळकरी आहेत, वाइन चाखायच्या दोन्ही ठिकाणी बाहेर बाकावर बसल्या होत्या). या प्रसंगाला त्या पहिल्यांदा हसल्या आणि शेवटपर्यंत पाहत राहिल्या.

सर्वांत जास्त त्यांना आवडला तो आलँ. पॅरिसचा बाजार उठल्यावर रस्त्यावर पडलेली पार्सली, फळं तिथेच उभ्याने खाणारा माणूस. जीवशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, स्टेशनबाहेर पेपर विकतो, आणि संध्याकाळी तो राहतो त्या वसतिगृहात आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरितांना फुकट फ्रेंच लिहायला शिकवतो. वार्दा त्याचा वर्ग दाखवते, बराच वेळ. ‘‘हा खरा माळकरी,’’ मामी म्हणाल्या. यावर बाबांनी मान डोलावली, एरवी ते मामींशी क्वचितच सहमत होतात.

शेवटचा प्रसंग असा. एका छोट्या संग्रहालयाच्या गोदामात पडून असलेलं एक चित्र वार्दा बाहेर काढायला लावते. वादळ येतंय आणि सरवा वेचणाऱ्या बायका घाईने निघाल्यात. दोन बायका ते चित्र अंगणात धरून उभ्या राहतात. खरा वारा सुटलेला आहे, कॅनव्हास हलतोय. मिलेच्या चित्रासमोरून पर्यटक भराभर सरकतात, आणि हे चित्र पाहायला कोणीच नाही.

सिनेमा संपल्यावर मामांनी खिशातला रुमाल काढला. चार दिवसांत घडाचे मणी सुरकुतले होते, बेदाण्याच्या वाटेवर. त्यांनी ते काचेच्या बशीत ठेवले. ‘‘याची बी लावून बघायची का?’’ मी म्हणालो, मामा, विमानतळावर अडवतील. ‘‘बी खिशात कोण बघतं,’’ ते म्हणाले. मग आपणच म्हणाले, ‘‘नको. बीपासून आलेलं झाड आईबापासारखं निघत नाही.’’ बशी दोन दिवस तशीच खिडकीत होती. जायच्या दिवशी आईने धुतली.

रागावलो त्याबद्दल मी माफी मागितली, विमानतळावर, सामान मोजत असताना. मामा म्हणाले, ‘‘तू तिथला आहेस आता, तुला तसं वागावं लागतं.’’ यात टोमणा होता का, मला अजून कळलेलं नाही.

मार्चमध्ये त्यांची तोडणी झाली. मी म्हणालो होतो, तोडणी झाल्यावर बागेत काय उरतं त्याचा व्हिडिओ काढा. व्हॉट्सअॅपवर तीन मिनिटांचा आला. पहिली चाळीस सेकंदं चार बायका मांडवाखाली गळलेले मणी पाटीत भरतायत. कॅमेरा त्यांच्या तोंडावर जात नाही, हातांवर राहतो. एक बाई विचारते, ‘‘घेऊ का दादा?’’ मामांचा आवाज येतो, पण काय म्हणाले ते ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू येत नाही. मग ते फोन बंद करायला विसरले. उरलेली दोन मिनिटं वीस सेकंदं त्यांच्या चपला आहेत, ओल्या मातीतून चाललेल्या, आणि कोणाशी तरी मजुरीच्या हिशेबावरून चाललेला वाद.